फिट असल्याची चिठ्ठी

स्कूटीचं स्टँड अडकलं होतं. डाळमिलच्या फाटकात मी त्याला लाथा घालत होते, तेवढ्यात एकजण आला आणि डाव्या हातानं गाडी ओढून उभी केली. उजवा हात अंगाशी धरलेला.

"खांदा कधीपासून दुखतोय?" मी विचारलं.

तो दचकला. "परवापासून... पण तुमले कसं कळलं?"

मी फिजिओथेरपिस्ट. दर मंगळवारी पिंप्राळ्याहून या मिलमध्ये येते. इथले पोती उचलणारे सहा-सहा महिने दुखणं लपवतात आणि हात वर जाईनासा झाला की मग येतात. परवाचं ताजं दुखणं मला पहिल्यांदाच मिळत होतं. नाव कुंदन, गाव भडगाव. मला कोण आनंद झाला!

मग मंगळवार येत गेले. मी त्याचा दंड हळूहळू वर नेई, तो श्वास रोखून धरी — आणि खरं सांगते, मीही. व्यायाम दहा वेळा करायला सांगितला की हा बारा वेळा करायचा.

"दहाच सांगितले होते ना?"

"दोन तुमच्याकडे बघण्यात गेले... ते बी मोजायचे का?"

मी रागावल्यासारखं केलं. पेशंटशी असं गुंतायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

सातव्या मंगळवारी मालकांना, प्रकाशचंदशेठना, चिठ्ठी द्यायची होती — कुंदन फिट, की अजून हलकं काम? मी हात लावायच्या आधीच तो कळवळला.

"दुखस मॅडम... भलतं दुखस!"

दुखत असून 'नाही दुखत' म्हणणारे कितीतरी पाहिलेत. उलटं सांगणारा हा एकटाच. कारण मला कळत होतं. 'अजून चार आठवडे' लिहिलं असतं तर चार मंगळवार मिळाले असते. मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण माझ्या शब्दावर शेठ दुखऱ्या माणसाला हलकं काम देतात. एक चिठ्ठी खोटी निघाली, की पुढच्याचं खरं दुखणंही नाटक ठरेल.

मी 'फिट' लिहिलं आणि सही केली.

तो शर्टाची बटणं लावत राहिला. "म्हणजे... आता यायचं नाही?"

"इथे नाही." मी पेनला टोपण लावलं. "पेशंट होतात, तोवर मला बोलता येत नव्हतं. आता नाही आहात. कुंदन, मला तुम्ही आवडता."

तो दोन्ही हात थेट डोक्यावर नेऊन हसत सुटला. "अहो, मी हेच सांगाले इतके दिवस दुखणं घेऊन बसलो होतो!"