हलू नकोस

टेकडीवर खुशाल जा, मी अडवणारा कोण? बूट चांगले घाला, पाणी जवळ ठेवा आणि मधल्या फाट्यावर डाव्या वाटेला लागू नका. का म्हणून विचारू नका... आता विचारलंतच, तर बसा. आणि तू तो मोबाइल खिशात घाल आधी. मी तुझ्याशी बोलतोय की त्याच्याशी, तेच कळत नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. सायकलच्या दुकानातला थोरला माझा वर्गमित्र. धाकटा त्याच्याहून बराच लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच त्याला पोरासारखा वाढवला. धाकटा एवढा बडबड्या, की पंक्चर काढून झालं तरी गिऱ्हाईक दुकानातून हलायचं नाही. थोरला मात्र घुम्या. भावावर जीव होता, पण तोंडाने म्हणेल तर शपथ.

इथल्या फिरण्याच्या वाटा त्यानेच आखल्या. तळ्याभोवतीची, पळणाऱ्यांची, टेकडीची, सगळ्या. टेकडीच्या पायथ्याशी त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती : वाट चुकलात तर आहात तिथेच बसा. हलू नका. शोधणारा येईल. दोघंही हिंडत राहिले की नुसती चुकामूक होते, म्हणायचा. लहानपणी धाकट्याला हेच घोकून घेतलं होतं त्याने.

तर नोव्हेंबरातला शनिवार. अमावस्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर शर्यत होती आणि झाडांना लाल फिती बांधायच्या राहिल्या होत्या, म्हणजे पळणाऱ्यांना वाट कळावी. एरवी दोघं मिळून खालून वर बांधत जायचे. त्या दिवशी दुकान बंद करायला उशीर झाला. धाकटा म्हणाला, मी कुणाच्या तरी गाडीवर बसून मागच्या रस्त्याने माथ्यावर जातो आणि बांधत खाली उतरतो, तू खालून चढ, मध्ये भेटू. वेळ वाचेल. ज्याने वाटा आखल्या, त्याच्याच ध्यानात आलं नाही की मध्ये वाटेला फाटा आहे. थोरला डाव्या वाटेने चढला. धाकटा उजव्या वाटेने उतरला.

निम्म्यात आला तरी भाऊ दिसेना, तशी थोरल्याने हाक मारली. वरून उत्तर आलं, वाट सापडत नाही रे दादा. आवाज धाकट्याचाच. थोरल्याला हसू आलं. एवढा बाप्या झाला आणि घरामागच्या टेकडीवर चुकतो. त्याने ओरडून सांगितलं, "बस तिथेच. हलू नकोस. मी येतो."

चढला. पुन्हा हाक मारली. आवाज तेवढाच लांब.

आणखी चढला. तेवढाच लांब.

टॉर्च फिरवली. झाडं. दगड. कुणी नाही. धाप लागली होती, तरी चढत राहिला. शेवटी चिडून म्हणाला, तू हलतोयस का रे? तर वरून रडवेला आवाज, "नाही दादा. मी बसलोय. दगडावर."

तेवढ्यात फोन वाजला. त्याची बायको होती. सगळीकडे एवढं सामसूम, की फोनमधला शब्द न् शब्द बाहेर ऐकू यावा. "अहो, राहिलात कुठे तुम्ही? भाऊजी केव्हाचे आलेत. जेवायला बसलेत."

थोरला होता तिथेच थांबला.

टेकडीवरही काही हललं नाही.

मग वरून... अगदी हळू...

"दादा... घरी कोण जेवतंय?"

...

काय करेल माणूस? तुम्ही काय केलं असतंत? त्याने एवढंच सांगितलं, की बस, हलू नकोस, घरी बघून येतो. आणि पळत सुटला. घरात धाकटा ताटावर बसलेला. तेच हसणं, तीच बडबड. म्हणे फाट्यावर चुकामूक झाली वाटतं आपली, मी हाका मारून मारून थकलो. थोरल्याने त्याला लहानपणीचं काय काय विचारून पाहिलं. एक उत्तर चुकलं नाही. हातपाय, जुन्या खुणा, सगळं जिथल्या तिथे.

मला म्हणाला, तुला शोधायला टेकडीवर जातो, असं त्याच्या तोंडावर कसं सांगायचं रे? नाही गेला. रात्रभर खिडकीशी उभा राहिला.

उजाडता उजाडता मला घेऊन वर गेला. गवत, झाडं, सगळं दवाने निथळत होतं. डाव्या वाटेवर एक सपाट दगड आहे, तोही ओलाचिंब. आणि त्याच्या मधोमध कोरडी जागा. माणूस बसला तर झाकेल, तेवढीच.

थोरला तिच्यासमोर उभा राहिला. ओठ हलले त्याचे. पण ऊठ, घरी चल, असं काही त्याच्याने म्हणवेना. आणि जा म्हणणार तरी कुठे? भावाच्या आवाजात रडला होता तो. थोरला तसाच मागे फिरला. पुढे धाकट्याचं लग्न झालं, मुली झाल्या, गुणी माणूस, तुम्ही रोज त्याच्याकडून हवा भरून घेता. आणि थोरला दर हिवाळ्यात पहाटे वर जायचा. दगडावरची ती कोरडी जागा बघायचा, परत यायचा. आत काय जळत होतं त्याचं त्यालाच ठाऊक. मी मित्र असून काही करू शकलो नाही. कुणीच काही करू शकलं नसतं.

यंदाच्या थंडीत थोरला गेला. झोपेतच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच टेकडी चढलो. म्हटलं, बघावं. दगड सगळा ओला होता. सगळा. हात फिरवून पाहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुटला बिचारा, म्हटलं... कोण असेल तो.

उतरून त्यांच्या घरावरून निघालो. धाकटा दारात उभा होता. दारात म्हणजे आतल्या बाजूला, चौकटीला धरून. एवढा बडबड्या माणूस, पण मी काय झालं विचारलं, तर नुसतं खाली बोट दाखवलं.

बाहेरची पायरी दवाने भिजली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मधली एक जागा सोडून.