चेंबरच्या तळाशी

तिसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्स एकदाचा खाली उतरला, तोवर माईच्या कमरेचे बारा वाजले होते.

गाडी अंगणात चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. तिच्याखाली पुठ्ठा पसरून बापू उताणा पडलेला, नि त्याचे नुसते बूट बाहेर. मधूनच गाडीखालून एक काळा हात यायचा. हातात कधी बोल्ट, कधी पाइप, कधी तेलाने थबथबलेली चिंधी. माईने वस्तू घ्यायची, रॉकेलच्या घमेल्यात खळबळून काढायची, नि जुन्या चादरीवर ओळीने मांडायची. पहिली निघालेली डाव्या टोकाला, शेवटची उजव्या. ज्या वाटेने आलं त्याच वाटेने माघारी गेलं पाहिजे, हा तिचा नियम. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, पण मोजण्यात तिला कुणी फसवून दाखवावं.

"माई, किती झाले?" बापूने खालून विचारलं.

"एकोणतीस. आणि तिसावा तू पाठीखाली घेऊन लोळतोयस."

बूट हलले. तिसावा बोल्ट बाहेर आला.

भिंतीजवळ खुर्ची टाकून शेजारचे मिस्त्री बसले होते. चाळीस वर्षं गॅरेजात काढलेला माणूस; आता डोळ्यांत मोतीबिंदू नि तोंडात सल्ले. "माई," ते म्हणाले, "तुम्हाला मी माझ्या गॅरेजात ठेवून घेतलं असतं."

"ठेवून घ्यायला मी काय मांजर आहे? नीट बघा, जॅक तिरका झालाय."

हे सगळं करायची हौस कुणाला नव्हती. चार वर्षांपूर्वी बापूला ट्रकने उडवलं, तेव्हा डाव्या नडगीत लोखंडी पट्टी नि नऊ स्क्रू बसले. पाय उभा राहिला, पण क्लच दाबायचं बळ त्यात परत आलं नाही. ड्रायव्हर माणूस, क्लचशिवाय काय करणार? म्हणून ही आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली, नि तिच्यावर तो पेशंट नि प्रवासी ने-आण करू लागला. आता तीच गाडी बसली. इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं जागची हलायची नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. दोन महिने घरी बसलेला लंगडा नवरा म्हणजे काय, ते सुनेच्या तोंडावर पहिल्या आठवड्यातच दिसू लागलं होतं. ती शिवणाच्या कारखान्यात सकाळी जायची, अंधार पडताना यायची, नि कुणाशी बोलायची नाही. माईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

गिअरबॉक्स जुन्या टायरवर ठेवला. त्याच्या बुडाला पत्र्याचं पसरट ताट असतं. कारागीर त्याला चेंबर म्हणतात. जुनं तेल नि आतल्या झिजेचा कीस तिथे साचतो, नि तो कीस धरून ठेवायला तळाला एक लोहचुंबक बसवलेला असतो. बापूने बोल्ट सोडवले नि चेंबर माईकडे दिलं. तिने जळकट वासाचं तेल डब्यात ओतलं, तळ पुसला. चुंबकावर काळा चिखल होता. चुंबकापासून चार बोटं लांब एक स्क्रू पडला होता, स्वच्छ, चांदीसारखा.

"हा कुठला रे?"

बापूने बघितला, मान हलवली. मिस्त्रींनी डोळ्यापाशी नेला, चुंबकाला लावला. चिकटला नाही. आटे बोटाने चाचपून ते म्हणाले, "हा गाडीचा नाही. असला स्क्रू मी माझ्या उभ्या जन्मात गाडीत बघितला नाही. दवाखान्यातला वाटतो."

"गाडीने ऑपरेशन करून घेतलं असेल," बापू हसला. "रिकामटेकडीच होती."

माईही हसली. स्क्रू तिने टिकल्यांच्या रिकाम्या डबीत टाकला. काहीही फेकायचं नाही, हा तिचा दुसरा नियम.

रोज संध्याकाळी ती बापूच्या नडगीला तेल चोळायची. चाळिशीच्या घोड्याला आईने तेल चोळायचं म्हणजे लाजच, पण चोळल्याशिवाय त्याला झोप नसायची. नडगीच्या आतल्या बाजूला, कातड्याखाली, अंगठ्याला नऊ उंचवटे लागायचे. चार वर्षांत तिला ते पाठ झाले होते. त्या संध्याकाळी ती वरून खाली गेली, खालून वर आली. मग दोन्ही अंगठ्यांनी पुन्हा मोजलं.

आठ.

"काय गं, थांबलीस का?"

"हात भरून आले."

"आज पाय हलका वाटतोय," बापू डोळे मिटून म्हणाला. "एवढा राबलो तरी."

डबी आणून माईने तो स्क्रू खिडकीपाशी धरून बघितला. रक्त नाही, डाग नाही. बापूच्या नडगीवर नवा ओरखडासुद्धा नव्हता.

गिअरबॉक्समधल्या जळक्या चकत्या काढून नव्या घालायला नि सगळं जिथल्या तिथे बसवायला चार दिवस लागले. माई एकेक वस्तू उलट्या क्रमाने हातात देत होती. शेवटी चेंबरचं पॅकिंग उरलं. कागदासारखी पातळ पट्टी, चेंबर नि गिअरबॉक्स यांच्यामधून तेल गळू नये म्हणून. बापू जेवून आडवा झाला होता. मिस्त्री घरी गेले होते. माईने स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली, पॅकिंगच्या कडेला नखाएवढा काप दिला, नि ते होतं तसं चादरीवर ठेवून दिलं.

असं का केलं ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. आईने सगळंच विचारून करायचं म्हटलं तर पोरं वाढायची कशी?

गाडी चालली. लोण्यातून सुरी जावी तशी गिअर बदलत चालली. पाचव्या दिवशी अंगणात तांबडं तेल ठिबकलेलं दिसलं. पुन्हा घोड्या, पुन्हा पुठ्ठा. या वेळी गिअरबॉक्स उतरवायचा नव्हता, नुसतं चेंबर खोलायचं होतं. तेलाने भरलेलं चेंबर बापूने खालून सरकवलं, नि माई ते मोरीकडे घेऊन गेली.

दोन स्क्रू.

संध्याकाळी नडगीवर सहा उंचवटे. जिन्यावर बापू कठड्याला न धरता चढला.

तिसऱ्या खेपेला तीन निघाले. चौथ्या खेपेला उरलेले तीन. बापू गाडीखालून निघायचा तो तेलाने न्हाऊन, चिडून. माईच्या पाठीत चमक भरलेली, हातांची सालं रॉकेलने गेलेली. पण सून आता संध्याकाळी आल्यावर दोन शब्द बोलत होती, नि एकदा तर नवऱ्याच्या चालीकडे बघत दारातच उभी राहिली होती.

मिस्त्रींनी चौथं पॅकिंग हातात घेऊन बोट फिरवलं. "माई, हे कापलंय."

"उंदीर असेल."

"उंदीर सरळ रेषेत कापतो?"

"आमच्याकडचे शिकलेले आहेत. माझ्यासारखे नाहीत."

मिस्त्री हसले नाहीत. "बापूचा पाय बरा दिसतोय," ते म्हणाले.

"दिसतोय ना? मग बघा नि गप्प बसा. ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ शोधू नये."

ते उठून गेले. त्यानंतर त्यांची खुर्ची भिंतीजवळ आली नाही.

पायात आता फक्त पट्टी राहिली होती. माईने ठरवलं, एवढी एकच खेप. पाचव्यांदा चेंबर उघडलं तेव्हा पट्टी तळाला आडवी पडली होती, वीतभर लांब, नऊ भोकांची. माईने ती उचलली. खाली, पट्टी जिथे होती तिथे, आणखी काहीतरी होतं. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, पांढरं, गुळगुळीत. तिने चोळून धुतलं. दगड नव्हता. तेही डबीत गेलं.

त्या दिवशीचं पॅकिंग तिने न कापता दिलं.

जेवताना बापूने पाण्याचा पेला उचलला, नि डाव्या करंगळीचं टोक पेल्याच्या कडेवरून मागे वळलं. रबरासारखं. तिने त्याचा हात ओढून घेतला. करंगळीच्या शेवटच्या पेरात काही नव्हतं. नख होतं, कातडी होती, आत मऊ.

"दुखतं?"

"छे. कधी झालं कळलंच नाही." त्याने करंगळी उलटी वळवून दाखवली. सून ओरडली, तो हसला. "आता एवढ्याशा बोटाला काय करायचंय? पाय बघा की माझा!"

माईने ताट बाजूला सारलं. चेंबर आता पुन्हा उघडायचं नाही, एवढं तिला कळलं. बाकी काही कळायची गरज नव्हती.

एक महिना गेला. गाडीखाली एक थेंब दिसला नाही. माई रोज सकाळी वाकून बघायची. बापूने बसच्या नोकरीसाठी अर्ज केला. तपासणीत पायाचा फोटो काढला, तेव्हा तिथला माणूस फिल्म हातात घेऊन बाहेर आला नि म्हणाला, "चुकून दुसरा पाय निघाला वाटतं. हा तर कधी मोडलेलाच नाही." पुन्हा काढला. तोच पाय.

नोकरी लागली. घरात चार वर्षांनी मोठ्याने बोलणं ऐकू येऊ लागलं. नि एका दुपारी बापू म्हणाला, "आता गाडी ठेवून काय करायचं? विकून टाकू."

"नाही," माई म्हणाली.

"का?"

"अंगणात असू दे. खायला मागते का?"

"अगं, उभी राहून सडेल. मला तर तिच्याकडे बघवत नाही. लंगडेपणाची आठवण ती."

"बापू, मी सांगते म्हणून ठेव."

"कारण तरी सांग."

कारण टिकल्यांच्या डबीत होतं. पण डबी उघडून दाखवायची म्हणजे पॅकिंग कुणी कापलं तेही सांगायचं. माईने आयुष्यात स्वतःची चूक कुणापुढे मांडली नव्हती, पोटच्या पोरापुढे तर नाहीच. ती म्हणाली, "मला आवडते ती गाडी."

बापू पोट धरून हसला. "तू तर तिच्यात उलटी करायचीस!"

गाडी घ्यायला आला तो औषधाच्या दुकानातला माणूस, दिवसभराच्या वाटेवरच्या गावाहून. गोड बोलणारा. माईने बापू घरात कागद आणायला गेल्याचं बघून त्या माणसाला गाठलं.

"हे बघा, आत सगळं नवं घातलंय. चेंबर खोलू नका. कधीच."

"बरं मावशी."

"बरं नको. शब्द द्या."

"दिला की मावशी. तुम्ही तर लेक सासरी पाठवल्यासारखं करताय."

गाडी कोपऱ्यावरून वळली. माई तिथेच उभी राहिली, हातातली चादर पिळत. मग घरात येऊन तिने त्या माणसाचा नंबर सुनेकडून मोबाईलमध्ये घालून घेतला.

रात्र तिने बापूच्या श्वासाकडे कान देऊन काढली. सकाळी तो उठला, चहा प्यायला, पायात कडक नवे बूट घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पहिली ड्यूटी दुपारी होती. मग तो आरशापुढे दाढी करायला उभा राहिला, शीळ घालत.

माईने नंबर लावला. बराच वेळ वाजला.

"बोला मावशी! गाडी एकदम झकास. काही म्हणजे काही त्रास नाही दिला."

"कुठे आहे गाडी?"

"इथेच, आमच्या कारागिराकडे. जुनी गाडी घेतली की तेल बदलायचंच, त्याची पद्धत आहे. मी म्हटलं मावशींना शब्द दिलाय, तर तो मलाच हसला."

"खोलू नका," माई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "त्याला म्हणावं हात काढ. आत्ताच्या आत्ता."

"अहो, झालंय खोलून. चेंबर खाली उतरलंय." पलीकडे पत्र्याचा आवाज झाला. कुणीतरी काहीतरी बोललं. "मावशी, तुम्ही आत काही ठेवलं होतं का? तळाला पांढरं पांढरं काहीतरी आहे. खड्यांसारखं."

"किती?"

"काय?"

"किती आहेत?"

"थांबा हं." तो फोनपासून लांब गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "मोजतोय तो. अजून मोजतोय."

आरशापुढची शीळ चालू होती. मग तिच्यातला सूर गेला, नि नुसती हवा येत राहिली.