येऊ?

'आज वाचनालय बंद' अशी पाटी लावायला तो दारात उभा होता, तेव्हा दवाखान्यातून मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, लगेच या," एवढंच ती म्हणाली आणि त्याला कळलं. बायको गेली. पाटी हातात घेऊन तो आत गेला. काउंटरवर तिचा संगणक चालूच होता. मंगळवारी पोटात कळ आली, तशीच ती उठली होती.

बावीस वर्षांपूर्वी याच काउंटरपाशी ती त्याला पहिल्यांदा दिसली. ती ग्रंथपाल, तो सहा संगणकांत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला आलेला. कोणती चांगली, ते त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं.

"कुणासाठी चांगली?" तिनं विचारलं.

"म्हणजे... सगळ्यांसाठी."

"हे सगळे कोण, ते आधी बघा. आठवडाभर बसा इथे."

तो बसला. जाड चष्म्याचे निवृत्त मास्तर यायचे, अर्ज भरायला शिवणकाम करणाऱ्या बायका यायच्या. पडद्यावर इंग्रजी दिसलं की चटका बसल्यासारखा माउसवरचा हात काढून घ्यायचे. त्यानं मुकाट्यानं बेत बदलला. जिच्यातले शब्द आपल्याला बदलता येतात, अशी सिस्टिम निवडली. मग रोज संध्याकाळी दोघं एकेक शब्द मराठीत बसवू लागले.

'लॉग आउट'ला त्यानं लिहिलं, 'बाहेर पडा'.

"अहो, हाकलताय काय लोकांना? निघताना आपण काय म्हणतो?"

"येतो."

"आणि बायकांनी? इथेच मुक्काम करायचा?"

त्यानं 'बाहेर पडा' पुसलं. मग हळूच म्हणाला, "येऊ?"

ती हसली. "हां... हे सगळ्यांना चालेल."

महिन्याचं काम त्यानं चार महिने पुरवलं. रोज निघताना दारात थांबून विचारायचा, "येऊ?" ती वर न बघता म्हणायची, "या."

एक दिवस तिनं 'या' म्हटलंच नाही.

"रोज विचारता आणि जाता," ती म्हणाली. कान लाल झाले होते. "एखाद्या दिवशी... नका ना विचारू."

तो थांबला. बावीस वर्षं थांबला.

गुरुवारी दवाखान्यातून निघताना त्यानं सवयीनं विचारलं होतं, "येऊ?" ती डोळे मिटूनच "या" म्हणाली होती.

आता महिना झाला. नव्या ग्रंथपालबाई शेजारच्या संगणकावर काम करतात, तिच्या संगणकाला हात लावत नाहीत. तिचं खातं अजून उघडंच आहे. पडद्याच्या कोपऱ्यात 'येऊ?' लिहिलेलं बटण आहे.

ते दाबायचं राहिलं आहे.