विरजणातलं ओझं

मिरजेच्या प्रयोगशाळेतल्या जनुकवाचक यंत्राने दह्याचा दुसरा नमुनाही नापास केला, तेव्हा डॉ. शर्वरी साळोखेने अहवाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. पहिला नमुना तिच्या वडिलांचे जुने मित्र बापू खोत यांच्या घरचा. बापू कालच हृदयविकाराचा झटका येऊन अतिदक्षता विभागात दाखल झाले होते. दुसरा नमुना खुद्द वडिलांच्या, आप्पांच्या वाटीतला.

"दोन्हीत आपलं जनुक नाही," सहकारी डॉ. सलीम अत्तार म्हणाले. "साधं दही आहे. कढी करा झकास."

तिचा चेहरा बघून त्यांनी थट्टा आवरली.

शर्वरीने घडवलेला मेदभक्षी जीवाणू दह्यातून आतड्यात उतरायचा आणि कोलेस्टेरॉल रक्तात शिरण्याआधीच फस्त करायचा. निदान कागदावर तरी. बायपासनंतर आप्पांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी पाय धरायचे, जिना चढवत नसे. बापाचे हाल बघवेनात, म्हणून माणसांवर वापरायची परवानगी नसतानाही बाईसाहेबांनी त्या विरजणाची एक डबी घरी नेली होती.

"पण जनुक गेलं कुठं?" सलीमनी विचारलं, आणि सवयीने उत्तरही स्वतःच दिलं. "जादा जनुक म्हणजे जीवाणूच्या डोक्यावर ओझं. इथं आपण औषध घातलेल्या खाद्यात वाढवतो, त्या औषधापासून वाचवणारा भाग त्याच ओझ्यात असतो, म्हणून ओझं टाकणारा तिथंच मरतो. घरच्या दुधात कसली आलीय भीती? जो ओझं टाकेल तो हलका होतो, भराभर वाढतो. कालच्या दह्यानं आजचं दूध विरजत गेलं, की शेवटी सगळे हलकेच उरतात."

हे शर्वरीला ठाऊक नव्हतं थोडंच! दर आठवड्याला ताजी डबी न्यायची, असं तिनं ठरवलं होतं. पण पहिल्याच चोरीनंतर तिचं धाबं दणाणलं. त्यात आप्पांचा कोलेस्टेरॉलचा आकडा सुरेख उतरला, मग तिनं तो विषयच काढला नाही. आप्पांनी त्यातलं विरजण बापूंना दिलं. बापूंचाही बायपास झालेला. आप्पांचा उतरलेला आकडा बघून त्यांनी आपल्या गोळ्या केराच्या डब्यात टाकल्या.

"मग आप्पांचा आकडा कशानं उतरला?" सलीमनी विचारलं.

ते विचारायला ती तडक घरी गेली. आप्पा खिडकीशी बसले होते. सकाळचा चहा तसाच निवला होता.

"गोळीनं," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यात तू रक्त तपासायच्या आधी मी बाहेर तपासून घेतलं. आकडा वाढला होता. तू नोकरी पणाला लावून आणलेलं ते. तुला कुठल्या तोंडानं सांगू? गुपचूप गोळी पुन्हा सुरू केली. पाय दुखले तर दुखले."

"आणि बापूकाकांना का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो गं. पण चार लोकांत म्हणाला, लेकीनं बापाला वाचवलं. माझी जीभच उचलली नाही." आप्पांनी तोंड फिरवलं. "त्याला दवाखान्यात मी झोपवलं, शरू."

"मीच आप्पा, मी," ती म्हणाली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. बापू शुद्धीवर होते आणि नर्सने दिलेली गोळी उशाखाली सरकवत होते. आप्पांनी सगळं सांगितलं. शर्वरीने दह्याच्या तपासणीचंही सांगितलं. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले.

"पोरीची चोरी उघडी पडू नये म्हणून दही टाकायला लावतोस होय? अरे, दह्यामुळंच वाचलो मी. न्हाईतर जागच्या जागी गेलो असतो."

"बापू, खरं सांगतोय."

"उभी हयात मी इंजिनात आणि तू गार्डाच्या डब्यात. तुझी हिरवी झेंडी दिसली की मी गाडी सोडायचो, कधी मागं वळून विचारलं न्हाई. तुझा आकडा बी तसाच. तपासणी-बिपासणी मला काय कळतीय? आकडा कळतोय."

शर्वरीने डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "इथे आहेत तोवर मी समोर उभा राहून गोळी देईन. घरी गेल्यावर काय? अशा माणसाला दुसरा झटका झेपायचा नाही."

बाहेर आवारातल्या बाकावर आप्पा टेकले.

"त्याला आकडाच दाखवावा लागणार," ते म्हणाले. "मी आजपासून गोळी बंद करतो. दही चालू. माझा आकडा चढला, की त्याच्यापुढं नेऊन ठेवतो."

"तुमचाही बायपास झालाय, आप्पा!"

"म्हणून तर पटेल त्याला."

नुसतं दही द्यायचं, गोळी द्यायची नाही आणि आकडा बघायचा. परवानगी घेऊन, देखरेखीखाली, हीच चाचणी तिनं आधी करायला हवी होती. बापाला अडवायचं म्हणून ती त्यांच्या प्रयोगात खोट शोधू लागली. एकही सापडेना.