चावलेलं शिसं

गॅरेजमध्ये जमिनीतला धातू शोधायचं मशीन घ्यायला गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. सगळ्यात खोल कुठलं मशीन जातं? वेन्डेलमामा त्याचं उत्तरच देत नाही. उलट विचारतो, "तुम्हाला काय ऐकायचं नाहीये, ते आधी सांगा."

लोक गोंधळतात. मग तो स्टूल ओढून समजावत बसतो. जमिनीत चांगली वस्तू एक असेल तर लोखंडाचा कचरा ढीगभर असतो. खिळे, तारा, नालांचे तुकडे. महागाचं मशीन लोखंड लागलं तरी गप्प बसतं आणि नाणं, पितळी बटण किंवा शिशाची गोळी आली की तेवढंच बोलतं. स्वस्तातलं मशीन सगळ्यावर बोंबलतं. यावर त्याचा बायकांबद्दल एक विनोद आहे. तो इतका शिळा आहे की मी लिहिणार नाही.

स्वस्तातलं मशीन माझ्याकडे असतं. मामाचंच जुनं. लोखंड गाळायचं बटण तुटलंय, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. शिसं आलं की टिंग. लोखंड आलं की घुर्र, पोट बिघडल्यासारखं.

शाळा मी सोडली. मास्तरनं वर्गासमोर माझा निबंध नाक धरून वाचला, मी त्याची वही त्याच्या कॉफीत बुडवली, एवढंच झालं. आई तोवर एका ट्रकवाल्याबरोबर ओहायोला गेलेली. तिथं माझ्यासाठी खोली नाहीये असं तिनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती काहीतरी कुरकुरीत खात होती. मामानं काही विचारलं नाही. मागच्या खोलीतली खोकी काढली आणि खाट टाकली. तो नसेल तर मला जायला कुठंही जागा नाही. रडगाणं गात नाहीये. पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

पण मामाची एक सवय मला कधीच झेपली नाही. जमिनीतून काही निघालं की तो ते तोंडात टाकतो. बटणावरचा मुलामा कापडानं घासला तर निघून जातो, जिभेनं माती सुटते आणि मुलामा राहतो, असं त्याचं म्हणणं. तंबाखूचा बार धरावा तसं गालात धरतो, घोळवतो, चिखल पचकन थुंकतो आणि बटण उन्हात धरतो. त्याला लाळेची तार लोंबत असते.

"बघ गं ट्रेसा, गरुड दिसतोय."

"गाय मुतलीय त्यावर, मामा."

"गाय गवतच खाते."

"म्हणून तू तिचं मूत खाणार?"

"माती खाऊन कोण मेलंय आजवर," म्हणायचा आणि हसायचा.

रॅपिडॅन नदीच्या अंगाला म्हाताऱ्या क्रिग्लरचं शेत आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेनं तिथं अख्खा हिवाळा तळ ठोकला होता. आमच्या भागातला प्रत्येक मशीनवाला त्या जमिनीसाठी लाळ गाळतो, पण क्रिग्लर कुणाला फाटकाच्या आत घेत नाही. मामानं त्याचं कुंपण नीट करून दिलं होतं, दर पानगळीत त्याच्याकडे ॲपल पाय भाजून घेऊन जायचा, आणि दर वेळी ॲपल पाय ठेवून घेऊन म्हातारा नाही म्हणायचा. या फेब्रुवारीत त्यानं स्वतःच फोन केला. नदीकडचा डुकरांचा वाडा रिकामा आहे, म्हणाला. यंदा डुकरं नाहीत. या.

मामा पोरासारखा शिट्टी वाजवत ट्रक चालवत होता.

वाड्याचा वास फाटकातच आला. किती पिढ्या तिथं डुकरं हगली असतील, देव जाणे. वरची माती थंडीनं कडक आणि खाली लोण्यासारखी, हिरवट काळी. बूट उपसला की कुणीतरी मिटक्या मारल्यासारखा आवाज यायचा. मी गळपट्टा नाकावर बांधला. क्रिग्लर कुंपणावर बसून बरणीतले खारवलेले डुकराचे पाय खात होता. नखांसकट.

"खाणार का पोरी?"

"नको."

"मामाला दे तर."

मामानं घेतला. त्याच मळक्या हातानं.

मामाच्या मशीननं लगेच तोंड उघडलं. पहिल्या गोळ्या स्वच्छ निघाल्या. कुणा शिपायाच्या खिशातून पडलेल्या असतील. दीडशे वर्षं जमिनीत राहिलेल्या शिशावर पांढरी साय धरते, तशी त्यांच्यावर होती. मग एक निघाली ती चेपलेली, वेडीवाकडी, खड्ड्याखड्ड्यांची.

"चावलेली," मामा म्हणाला. "बाहेरचे लोक या गोळ्यांवर जीव टाकतात. त्यांना वाटतं, पाय कापताना शिपायानं दातात धरली."

"आणि खरं काय?"

"डुकरं. फौजा गेल्या, डुकरं आली. माणसं वरवर पुरलेली. डुक्कर माती उकरतं आणि सापडेल ते चावतं. शिसं गोड लागतं म्हणतात." आणि त्यानं ती तोंडात टाकली.

मी वळले आणि आपलं मशीन घेऊन वाड्याच्या खालच्या टोकाला गेले.

तिथं घुर्र आलं. एक पाऊल पुढे घुर्र. परत घुर्र. मी रेषेत चालत गेले, रेषा संपली, वळली, थोडी आडवी गेली आणि पहिल्या रेषेला समांतर उलटी परत आली. माणसाच्या उंचीएवढी. मी कडेचा एक खिळा उकरला. चौकोनी, जुना, आणि त्याला कुजक्या लाकडाची साल चिकटलेली.

यावर आमच्या धंद्यात एकच रीत आहे. खिळ्यांची अशी पेटी, म्हणजे कबर, लागली की खड्डा बुजवायचा, टोपी काढायची, मालकाला सांगायचं आणि त्या जागी परत पाय ठेवायचा नाही. मशीन हातात द्यायच्या आधी मामानं मला हे शिकवलं होतं. कबरीतलं बटण विकायला आणलं म्हणून त्यानं एकाला गॅरेजमधून कॉलर धरून हाकलला होता.

"मामा, इथं पेटी आहे."

तो आला. मशीन फिरवलं. त्याचं मशीन लोखंडावर गप्पच बसणार.

"मला काही ऐकू येत नाही."

"लोखंड बंद करून ठेवलंयस तू. चालू कर आणि ऐक."

त्यानं बटणाला हात लावला नाही. त्याच्या गालात गोळी होती, ती या गालातून त्या गालात गेली. दातावर टकटक वाजली. "मधे टिंग येतंय," तो म्हणाला, "बरोबर मधे." आणि गुडघ्यावर बसून खणायला लागला.

मी त्याचा दंड ओढला. तो हलला नाही. वेन्डेलमामा, जो रस्त्यावर मेलेलं खारूताईचं पिल्लूसुद्धा बाजूला उचलून ठेवतो, तो पेटीच्या मधोमध खणत होता. कुंपणावर क्रिग्लर हाड चोखत होता.

हातभर खाली मूठभर गोळ्या निघाल्या. सगळ्या चावलेल्या. मी एक उचलली आणि पुसली. मला बारीक दिसतं, ही काही बढाई नाही. गोळीवर पांढरी साय होती, पण दातांच्या खड्ड्यांत साय नव्हती. आत शिसं चकचकीत होतं, आज सकाळी कापल्यासारखं. आणि वरची माती मी स्वतः बघितली होती. सलग, दगडासारखी, कुणी हात न लावलेली.

खड्डे अरुंद होते. डुकराचा दात एवढा अरुंद नसतो. माझ्या पुढच्या दातांवर धरली असती तर बसली असती. मी धरली नाही. फेकून दिली आणि हात पँटला पुसत राहिले. बोटांवरचा लाळेसारखा ओलसरपणा जाईचना.

त्या दिवशी मी भांडून भांडून मामाला घरी आणला. जेवताना त्याच्या गालाला फुगवटा होता.

"थुंक ते."

"काय?"

"तोंडातलं थुंक, मामा. जेवतोयस तू."

त्यानं बोटानं गाल चाचपला. त्याला खरंच माहीत नसावं असं वाटलं. गोळी काढून बशीच्या कडेला ठेवली. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ उठली होती. बशीत बघत म्हणाला, "गोड आहे गं." मग माझ्याकडे बघून ओशाळला. "परत नाही जाणार. शप्पथ."

तो रोज जात राहिला.

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं, त्याला कळलं नाही. त्याची बशी वेगळी ठेवली, त्याला कळलं नाही. बेसिनमध्ये काळपट थुंकी आणि त्यात बारीक चमचमणारी कचकच. ती मी धुवायचे, दात ओठ खात. शेवटी मी त्याचं मशीन माझ्या खाटेखाली घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. मशीन नसेल तर तिथं जाऊन करणार काय, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बघते तर ट्रक नाही.

सायकल घेतली. सगळा रस्ता त्याला शिव्या घालत गेले.

फाटक उघडं होतं. क्रिग्लर कुंपणावर बसलेला, मांडीवर रिकामी बरणी. वाडाभर खड्डे दिसत होते. फावड्याचा खड्डा सरळ कापलेला असतो. हे तसे नव्हते. कडा फाटलेल्या, माती पुढे ढकललेली.

मामा खालच्या टोकाला होता. पालथा.

डोक्याला हेडफोन होते. वायर पाठीवरून चिखलात पडली होती, कशालाच न जोडलेली.

हात अंगाशी सरळ. तोंड जमिनीत.

आवाज येत होता.

"हाक मारू नको," क्रिग्लर हळूच म्हणाला. "खाताना उठवलं की चावतात."

"माझा मामा आहे तो."

"आला तेव्हा होता खरा."

मी त्या म्हाताऱ्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. कुंपण ओलांडून गेले आणि मामाचा पट्टा धरून मागे खेचला.

तो उलटा झाला. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत चिखल. चिखलात दात.

चावला नाही. उठला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

मी हेडफोन काढले. काढताना कानाजवळ आले. आत कुणीतरी चावत होतं. सावकाश, तोंड मिटून.

हेडफोन तिथंच टाकले.

दवाखान्यात त्याच्या पोटातून मूठभर शिसं काढलं. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, घरात जुना रंग आहे का, लहान मुलं आहेत का. रक्तातलं शिसं औषधानं उतरेल, म्हणाल्या. थोडं विसरल्यासारखं होईल, सांभाळून घ्या. समाजकल्याण खात्याची एक बाई आली होती. मामाला घरी सांभाळणारं कुणी नसेल तर त्याला संस्थेत ठेवू, आणि मला ओहायोला पाठवू. मी म्हटलं, मी आहे. मामाला विचारलं तर त्यानंही माझ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बाईनं सही घेतली आणि गेली.

आता तो घरी आहे. चांगला आहे. तोंडात काही घालत नाही, थुंकत नाही. पहाटे उठून तळावरच्या शिपायासारखी अंथरुणाची घट्ट गुंडाळी करून भिंतीला लावतो. हे त्यानं आधी कधी केलं नव्हतं. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक आलं तर मी बघते. तो दारात उभा राहून मशीनकडे पाहतो, हे कशासाठी असेल ते विचारावं की विचारू नये, अशा चेहऱ्यानं.

आज सकाळी मी हॅम तळलं, बिस्किटं केली. तो ताठ बसला होता. त्यानं हॅमचा मोठा तुकडा तोंडात घेतला आणि चावायला लागला. खूप वेळ चावला. गिळला नाही. मग दोन बोटांनी तो लगदा बाहेर काढला, गोळा केला आणि अगदी जपून माझ्या बशीत ठेवला.

"खा रे, एझ्रा," तो म्हणाला. एझ्रा नावाचं आमच्यात कुणी नाही. आवाज मायेचा होता. "मऊ केलंय. फुटलेल्या जबड्यानं काही करू नको, नुसतं गीळ."

बशी भिंतीवर फेकावी असं वाटलं. मागे वळून बघितलं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, खाट दिसत होती.

तो वाट बघत होता. मी एझ्रा होऊन खाल्लं नाही तर हा इथं थांबणार नाही, आणि मग ती खाटही माझी नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी खाल्लं. कोमट होतं.

त्यानं समाधानानं मान हलवली आणि पुढचा तुकडा तोंडात घेतला.