खपलेला माल

आमच्या दुकानात कुठला माल किती मागवायचा, हे संगणक ठरवतो. गल्ल्यावर विक्रीची नोंद झाली की दुसऱ्या दिवशी गोदामातून तेवढा माल येतो, खप दिसला की थेट चौपट. नासका माल मात्र वेगळा दाखवावा लागतो आणि तो वाढला की साहेब मला घरी बसवायची भाषा करतात. म्हणून नासकंही मी 'विकलं' म्हणूनच नोंदवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी मासळीचा एक डबा फुगलेला निघाला. फडताळं माझी ताई लावते; मीच तिला इथे चिकटवलं. बघायला म्हणून तिने झाकण ओढलं आणि पत्रा अंगठ्यात घुसला. पिवळट रस तिच्या मनगटापर्यंत ओघळला. अर्धं नख तुटून, जांभळ्या नेलपेंटसकट, आतल्या लगद्यात पडलं.

"शी! फेक रे ते!"

मी डबा फेकला. नोंद केली: विकला.

मंगळवारी चार डबे आले, चारही फुगलेले. पहिला उघडला. लगद्यावर अर्धं नख होतं, जांभळं. दुसऱ्यातही तेच.

"माझंच आहे," ताई म्हणाली. तिने पट्टी सोडली. अंगठ्यावर नखाची जागाच उरली नव्हती, नुसती गुळगुळीत कातडी. "खराब म्हणून नोंदव. माझं ऐक."

"महिनाअखेर आहे, ताई. दोन दिवस थांब."

चारही विकले म्हणून नोंदवले. माझी मलाच किळस आली, तरी नोंदवले.

बुधवारी सोळा आले. मी एकच उघडला. आत अंगठा होता, मऊ, शिजलेला, ताईच्या पट्टीसकट.

धावत संगणकाशी गेलो. सगळी विक्री रद्द करून 'खराब' दाबलं. पडद्यावर ओळ आली: विकलेला माल परत घेता येत नाही.

परतलो तेव्हा उरलेले डबे ताईने फडताळावर मांडले होते. तिने हातमोजे घातले होते. उजव्या मोज्याचा अंगठा चपटा लोंबत होता.

"ताई, दुखतंय?"

"नाही रे," ती शांतपणे म्हणाली.

मी डबे मोजले. बाराच होते.

"तीन गेले," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक विचारत होतं, अजून कधी येणार."