वर फोडाफोड, खाली कादंबरी

तो पहिल्यांदा वर आला तेव्हा बाहेर कडक ऊन होतं आणि त्याच्या खांद्यावर रजई होती.

ती सिमेंटच्या पोत्यावर बसून डबा खात होती. समोर मिस्त्री न्हाणीघराची भिंत फोडत होता. घराला अजून दार नव्हतं, म्हणून त्यानं चौकटीवर टकटक केली. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, केस कपाळावर. डोळे मात्र हसरे होते, आणि रागावलेल्या माणसाला ते शोभत नव्हते.

"तुम्ही भिंत पाडताय की डोंगर?"

"भिंत. डोंगर पुढच्या आठवड्यात."

"खाली राजकन्येला मरता येईना हो!"

"कुणाला?"

"राजकन्येला. सकाळपासून मरतेय. शेवटचा शब्द तिच्या ओठांवर आला, की वरून धाड! ती विषानं गेली की हातोड्यानं, हे ऐकणाऱ्याला कळायला नको?"

मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला आणि तो खो खो हसत सुटला. ती हसली नाही. त्या आठवड्यात तिला हसू येईल असं काही घडलंच नव्हतं.

तो खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. कादंबऱ्या मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करणं हा त्याचा धंदा. लोक त्या गाडी चालवताना नाहीतर भांडी घासताना ऐकत. कपड्यांच्या कपाटात आतून रजया लावून त्यानं स्टुडिओ केला होता, आणि त्यातच बसून तो राजेराण्यांना जगवत-मारत असे. संध्याकाळी गल्लीत मुलांचा आणि हॉर्नचा कल्लोळ असायचा. दिवसा मात्र चिटपाखरू नसे. म्हणूनच त्यानं हे घर घेतलं होतं.

"आणि तुम्ही काय करता? घर पाडण्याव्यतिरिक्त?"

"दवाखान्यात एक्स-रे काढते. लोकांना श्वास रोखायला सांगते."

"मग यांनाही सांगा की जरा."

"हे माझं ऐकत नाहीत. माझं फक्त आजारी माणसं ऐकतात."

तो तिच्याकडे पाहत राहिला. जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. आजारी पडायला सोपं जाईल."

जाण्याआधी एक करार ठरला. दोन्ही न्हाणीघरांतून एकच जुना लोखंडी नळ वर गेला होता. रेकॉर्डिंग सुरू करताना त्यानं खालून चमच्यानं त्या नळावर ठोकायचं. वर लगेच फोडाफोड थांबायची आणि मिस्त्री मुकी कामं काढायचा. माल कालवणं, मापं घेणं, भेगा भरणं. वाचन संपलं की पुन्हा एक ठोका.

"खालचे साहेब गप्प करतात, वरच्या ताई घाई करतात," मिस्त्री कुरकुरायचा. "मी बायकोचं सोडून सगळ्यांचं ऐकतोय."

ते तिचं पहिलं घर होतं. जुनं घेतलं, कारण नवं परवडत नव्हतं. रंग द्यायचा, फरशी बदलायची आणि राहायला जायचं, एवढाच तिचा बेत होता. पण फरशीखाली ओल निघाली. ओलीमागे फुटका नळ निघाला. नळ बदलताना विजेच्या जळक्या तारा निघाल्या. एक्स-रेमध्ये जे आहे ते निदान एकदम दिसतं. हे घर मात्र रोज थोडं थोडं सांगत होतं, आणि सांगत होतं ते वाईटच.

त्यात ओट्याची तऱ्हा. उंची ठरवायला मिस्त्रीनं तिला भिंतीशी उभं केलं, तेव्हा ती ड्यूटीवरून थेट आलेली. पायात दवाखान्यातले जाड तळव्यांचे बूट. ओटा झाला आणि ती अनवाणी त्याच्यापुढे उभी राहिली, तर कड थेट बरगड्यांना टेकली.

"बूट घालूनच स्वयंपाक करा, ताई," मिस्त्री म्हणाला.

रात्रीची ती भावाकडे झोपायची, बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या मागे. वहिनीचे दिवस भरत आले होते. वहिनीची आई येणार होती, मग बाळ. तिला कुणी जा म्हणत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

"घर होतंय की धरण?" दादा जेवताना विचारायचा. "जेव्हा बघावं तेव्हा पाणी आणि गळती."

"असू दे हो, राहील ती," वहिनी म्हणायची. चांगल्या मनानं म्हणायची. पण प्रत्येक 'राहील'नंतर हिचा पुढचा घास ताटातच राहायचा.

एकदा खाली त्याचं मोठं काम होतं म्हणून तिनं मिस्त्रीला दिवसभर सुट्टी दिली. मिस्त्री गेला तो गेलाच. दुसऱ्या एका कामाला लागला आणि फोन उचलेना. चौथ्या दिवशी ती जिन्यात बसून रडली. कोणी पाहू नये म्हणून जिन्यात, आणि पाहिलं ते नेमकं त्यानंच. तो एक पायरी खाली बसला.

"ही माणसं एकदा दुसऱ्या कामाला लागली की परत येत नाहीत," ती नाक पुसत म्हणाली. "हा गेला ना, तर मेलंच माझं घर. मी कायमची सोफ्यामागे."

"येईल तो."

"तुम्हाला काय माहीत?"

"नाही आला तर आवाजाची मला इतकी सवय झालीय की, मीच येऊन फोडीन."

ती रडता रडता हसली. मिस्त्री आठव्या दिवशी उगवला, काहीच घडलं नसल्यासारखा.

तेव्हापासून संध्याकाळी मिस्त्री गेला की तो चहाची किटली घेऊन वर यायचा. रिकाम्या खोल्यांतून टाळ्या वाजवत फिरायचा. "ही खोली चांगली आहे. इथे खोटं बोललं तर लगेच कळेल. ती आतली बघा, सगळं गिळून टाकते. भांडायचं तर तिथे."

"भांडायचं कुणाशी? मी एकटी राहणार आहे."

"अच्छा." त्यानं एक टाळी वाजवली आणि कान दिला. "हे वाक्य काही नीट वाजलं नाही."

एका संध्याकाळी वाऱ्यासकट पाऊस आला. खिडक्यांच्या चौकटी बसल्या होत्या, तावदानं यायची होती. ताज्या गिलाव्यावर पाणी उडायला लागलं. दोघं प्लास्टिकचा कागद घेऊन धावले आणि खिडकीत तो ताणून उभे राहिले, तो या टोकाला, ती त्या टोकाला. खिळे मिस्त्रीच्या पिशवीत, पिशवी मिस्त्रीच्या घरी. कागद शिडासारखा फुगत होता. तिचे हात भरून आले. आपलं टोक चौकटीच्या फटीत खोचून, तिला न विचारता तो तिच्या मागे आला आणि त्यानं तिच्या हातांच्या वरून कागद धरला. त्याचा श्वास तिच्या कानाशी येत होता. ओल्या सिमेंटचा वास, कागदावर पावसाचा ताशा...

"सोडा आता तुम्ही," तो म्हणाला.

"मी सोडलं तर उडेल."

"नाही उडणार. मी आहे ना. ...तू सोड."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांनीही ऐकलं. तिनं हात सोडले नाहीत. पाऊस थांबल्यावरही बराच वेळ तो कागद दोघांनी धरून ठेवला होता.

पण घराला कुणाच्या सुखाशी देणंघेणं नव्हतं. नव्या न्हाणीघराची गळती थांबेना. फरशी बसवली, पाणी भरून पाहिलं, ओल परत. उखडली, बसवली, परत ओल. वहिनीची आई आली. त्यामुळे हिची गादी आता सोफ्यामागून जेवणाच्या टेबलाशी सरकली होती. मिस्त्रीही कंटाळला होता. "लवकर आटपू या ताई, दुसरीकडून बोलावणं आहे मला," असं तो रोज बोलून दाखवू लागला.

त्याच सुमारास नळावरचे ठोके बंद झाले.

"हल्ली ठोकत नाहीस?" तिनं किटलीतला चहा ओतता ओतता विचारलं.

"संध्याकाळचं काम घेतलंय. दिवसा मोकळाच असतो. तुम्ही दोघं बिनधास्त फोडा."

"नक्की?"

"नक्की."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं, आता थांबायचं नाही, दिवसभर हाण. मिस्त्रीनं दिवसभर हाणलं. संध्याकाळी तो किटली घेऊन आला. त्यानंतरच्या संध्याकाळीही आला. रोज आला.

पंधरवड्यानं ती ड्यूटीवरून येत होती तर खालचं दार सताड उघडं. कपाट रिकामं, रजया घडी करून दोरीनं बांधलेल्या. त्याची थोरली बहीण भांडी खोक्यात भरत होती. तिनं वर पाहिलं, बुटांवरची सिमेंटची धूळ पाहिली, आणि ओळखलं.

"वरच्या तुम्हीच का?"

"हो. हे... कुठे निघालात?"

"मी नाही, तो. दुसऱ्या शहरात नोकरी धरलीय. टेलिफोनच्या सूचना वाचायच्या. 'कृपया लाइनवर राहा.'" बहिणीनं एक पातेलं जरा जोरातच खोक्यात टाकलं. "रेकॉर्ड केलेली पुस्तकं सगळी परत आली ना त्याची. मागे ठकठक ऐकू येते म्हणे. दोन घावांच्या मध्ये जेवढं जमेल तेवढं वाचायचा, वेडा. शेवटी पुस्तकवाल्यांनी काम देणंच बंद केलं. तुम्हाला बोलला नाही?"

"तो तर म्हणाला, संध्याकाळी..."

तिचं वाक्य तिथेच थांबलं. संध्याकाळी तो तिच्याकडे असायचा. रोज. दिवे लागल्यापासून चहा गार होईपर्यंत. संध्याकाळी तो काम करत नाही हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माणूस समोर बसून चहा पीत होतं.

बहीण तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग पुढचं पातेलं तिनं हळूच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो लागला. रजया चढवून तो वळला तर ती जिन्याच्या तोंडाशी उभी.

"का नाही ठोकलंस?"

त्यानं हात झटकले. "ठोकलं असतं तर मिस्त्री थांबला असता. आणि थांबला असता तर गेला असता. तूच म्हणालीस, हा गेला तर मेलंच माझं घर."

"मी तुला मारून घर बांधायला सांगितलं होतं?"

"मेलो कुठे? पगार मिळणार आहे." तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं. "तुला छप्पर हवं होतं. माझं काय, कपाट कुठेही मिळतं."

"आणि मला विचारायचं नाही? ठरवून मोकळा?"

"तूही कुठे विचारलंस?" तो अगदी हळू म्हणाला. "किटली घेऊन रोज येतो, मग काम कधी करतो... एकदा तरी?"

वरच्या खिडकीतून मिस्त्रीनं डोकं काढलं.

"ताई, न्हाणीघराचा कोपरा पुन्हा उखडावा लागेल. करू सुरू?"

"आज नको."

"आज नको तर मी उद्या दुसरीकडे जाईन. मग महिनाभर माझं नाव काढू नका."

ती त्याच्याकडे पाहत होती, मिस्त्रीकडे नाही. "जा," ती म्हणाली.

मिस्त्रीचं डोकं आत गेलं. तिनं टेम्पोचं पुढचं दार उघडलं आणि ती चढून बसली.

"तू कुठे?"

"हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत. मला दुपारी ड्यूटी आहे."

तो मध्ये बसला, ती दाराशी. चालक चाळिशीचा, पोट सुटलेला, एकंदरीत समाधानी माणूस. दोन चौक गेल्यावर चालकालाच राहवेना.

"बोला हो तुम्ही. मी ऐकत नाही."

"गाडी हळू चालवता येईल का?" तिनं विचारलं.

"मागे रजयाच आहेत. पाहिजे तेवढी हळू."

गल्ल्या मागे पडल्या. दुकानांची शटर वर जात होती. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि दोघंही तो काढून घेत नव्हते.

"मिस्त्रीची पावलं जड पडतात," तो समोर पाहत म्हणाला. "तुझी तशी नाहीत. तू आलीस की आधी बूट काढायचीस, मग सगळ्या खोल्यांतून एक चक्कर. मी रेकॉर्डिंग थांबवून ऐकत बसायचो. सगळा दोष काही हातोड्याचा नव्हता."

तिचे डोळे भरून आले. "हे आधी सांगायचं होतं."

"तुझं घर होईपर्यंत थांबावं म्हटलं. वाटलं, आज ना उद्या होईल."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. ते इतकं कोरडं आणि घाईचं निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. "खूप. आणि हे मी टेम्पोत सांगतेय."

चालकानं गिअर बदलला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"नोकरी सोडू नकोस म्हणतील तुझ्या घरचे," तो म्हणाला. "घरही अर्धं आहे. तुला ये म्हणायला माझ्याजवळ तिथे खोलीसुद्धा नाही अजून."

"आणि तुला राहा म्हणायला माझ्याकडे काम करता येईल अशी शांतता नाही."

"गळती थांबली की कळव."

"नाही थांबली तर?"

त्यानं तिचा हात हातात घेतला. नखांच्या कडांना अजून पांढरं सिमेंट होतं. फाटा येईपर्यंत तो अंगठ्यानं ते हलकेच खरवडत राहिला. थोडं निघालं, बरंचसं राहिलं.

फाट्यावर टेम्पो थांबला. ती उतरली, दार लावलं. नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडून लावलं. त्यानं दाराशी सरकून काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला. टेम्पो मोठ्या रस्त्याच्या गर्दीत शिरला. रजयांची निळी कड काही वेळ दिसत राहिली, मग एका ट्रकनं झाकली.

ती रस्ता ओलांडून परतीच्या थांब्यावर उभी राहिली. दवाखान्याकडे जाणारी बस आली, थांबली, दार उघडलं.

"येताय का बाई?" वाहकानं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. बस निघून गेली, धूळ खाली बसली, आणि टेम्पो गेला त्या रस्त्याकडे पाहत ती तशीच उभी राहिली.